बायोमेडिकल म्हणजे एसीत बसून पगार? नानांना जरा सविस्तर उत्तर

तळघरवाला

परवा नाना_निवृत्त यांनी करिअरच्या धाग्यावर एक पोस्ट टाकली. वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: कॉम्प्युटरला नंबर लागत नसेल तर पोराला डोळे झाकून बायोमेडिकलला घाला. हॉस्पिटलात एसी असतो, विक्रीचं टार्गेट नसतं, मशीन बिघडलं की कंपनीला फोन लावायचा आणि चहा प्यायचा. एवढं असून हल्लीची पोरं रडतात, कारण कष्टाची सवय नाही. खाली एक हसरा चेहरा. तो हसरा चेहराच डोक्यात गेला, म्हणून हा धागा.

अकरा वर्षं याच कामात आहे, म्हणजे हॉस्पिटलातली मशीन तपासायची, दुरुस्त करायची आणि चालू ठेवायची. पुण्याजवळच्या एका दोनशे खाटांच्या खासगी हॉस्पिटलात. नाव सांगणार नाही, घराचे हप्ते चालू आहेत.

आधी एसीचं बघू. हॉस्पिटलला एसी आहे, मान्य. माझी खोली तळघरात आहे. डावीकडे लाँड्री, उजवीकडे शवागार, डोक्यावर ड्रेनेजचा पाइप. पाहुणे येतात ते "बायोमेडिकल वेस्ट इथंच टाकायचं ना?" असं विचारत. दोनदा दारात पिवळी पिशवी ठेवून गेलेत. सासरी अजून एका मामेसासऱ्यांचा समज आहे की जावई हॉस्पिटलचा कचरा बघतो.

आता चहाचं. गेल्या पावसाळ्यात रात्री पावणेतीनला आयसीयूतून फोन आला. व्हेंटिलेटर "फ्लो सेन्सर फेल" म्हणून कोकलत होता, सिस्टर हाताने अंबू, म्हणजे श्वास द्यायची रबरी पिशवी, दाबत उभ्या. बारा मिनिटांत पोचलो. सेन्सर काढून उजेडात धरला तर आतली केसासारखी तार तुटलेली. स्टोअरमध्ये नवा नाही. का नाही? कारण मार्चमध्ये दिलेला इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, परचेसमध्ये "अजून दोन कोटेशनं आणा" या शेऱ्यावर झोपला होता. मग बंद पडलेल्या दुसऱ्या व्हेंटिलेटरचा सेन्सर उपसला, याला बसवला, कॅलिब्रेशन घेतलं, टेस्ट लंगवर, म्हणजे खोट्या फुप्फुसावर, दहा मिनिटं चालवून बघितलं आणि मगच पेशंटला जोडलं. घरी आलो तेव्हा दूधवाला आलेला. नऊला परत ड्यूटी. बदली सुट्टी मागितली तर एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "तुम्ही एक्झिक्युटिव्ह ग्रेडमध्ये ना सर? तुम्हाला ते लागू नाही." ग्रेड एक्झिक्युटिव्ह आणि पगार मात्र बिलिंग काउंटरच्या मुलापेक्षा चार हजारांनी जास्त.

पण पगारावर मी रडत नाहीये, नाना. मशीनवर तो छोटा स्टिकर असतो ना, तपासणी अमुक तारखेला झाली, पुढची तमुक तारखेला, त्यावर सही माझी. उद्या काही बरंवाईट झालं तर वकील तो स्टिकर मोठ्याने वाचणार. आणि मशीन वापरातून काढायचा अधिकार? तो मला नाही. एका डिफिब्रिलेटरला, म्हणजे हृदयाला शॉक द्यायच्या मशीनला, २०० ज्यूल लावले की तपासणीच्या यंत्रावर, अॅनालायझरवर, १५५ येत होते. "वापरू नये" असा लाल टॅग लावला. दुसऱ्या दिवशी टॅग कचऱ्यात आणि मशीन परत क्रॅश कार्टवर, म्हणजे इमर्जन्सीच्या ट्रॉलीवर. "डॉक्टरसाहेब म्हणाले, नसण्यापेक्षा बरा."

सी-आर्म, म्हणजे ऑपरेशनच्या वेळचं एक्स-रे मशीन, चालू असताना आत उभं राहून त्याचा दोष शोधतो. टीएलडी बॅज, अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा, मागून दीड वर्ष झालं. उत्तर काय, तर "तुम्ही रेडिएशन स्टाफ नाही." मग लेड एप्रन घालून आत कशाला बोलावता, तुळशीला पाणी घालायला?

शेवटची कुरकूर. सिरिंज पंप, म्हणजे पेशंटला ठरलेल्या वेगाने औषध सोडणारे, दुरुस्तीला येतात ते वाळलेल्या रक्तासकट. डेक्स्ट्रोज सांडून त्याचा पाक झालेला, बटणं चिकटलेली, मुंग्या लागलेल्या. सिस्टर लोकांना देताना एक फडका मारून द्यायला काय होतं?

नाना, हे सगळं तुमच्या वेळीही असेल तर सांगा. नसेल तर तो हसरा चेहरा काढा.

नाना_निवृत्त

माझ्या नावाने धागा निघाला, सत्कार समजतो.

मी १९८२ साली मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात लागलो. बायोमेडिकल हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता, आम्हाला "इलेक्ट्रिकचे" म्हणत. सर्किट डायग्राम मिळाला तर जर्मनमध्ये. पार्ट हवा असेल तर दुपारच्या उन्हात लॅमिंग्टन रोड पालथा घालायचा, जवळचा नंबर मिळाला की आणून डाग मारायचा आणि देवाचं नाव घेऊन स्विच टाकायचा. बीपीच्या यंत्रातला पारा तळहातावर ओतून फडक्याने गाळून परत भरत असू. कधी तक्रार केली नाही.

तुम्ही लोक दुरुस्ती करत नाही, बोर्ड बदलता. राग येईल, पण हे खरं आहे. आणि रात्रीचा फोन कुणाला येत नाही? वायरमनलाही येतो.

ओमचा_नियम

तळहातावर पारा! आणि हे कौतुकाने सांगताय. नाना, तक्रार केली असती तर आमच्यापर्यंत हातमोजे तरी वेळेत आले असते.

बोर्ड का बदलतो ते ऐका. आजच्या बोर्डावर मुंगीएवढे पार्ट असतात, सहा थरांचा बोर्ड, आणि सॉफ्टवेअरला सर्व्हिस पासवर्ड. पासवर्ड कंपनीकडे. मॉनिटरची बॅटरी बदलली तरी "अनधिकृत पार्ट" असा संदेश झळकतो. लॅमिंग्टन रोडवर पासवर्ड मिळत असेल तर दुकानाचा नंबर द्या.

कंपनीवाला

पासवर्ड आहे तो बरा आहे. एका हॉस्पिटलच्या हुशार इंजिनिअरने व्हेंटिलेटर उघडून ऑक्सिजन मोजणाऱ्या सेलच्या जागी भलताच सेल बसवला होता, ते निस्तरायला मी औरंगाबादहून, सॉरी, संभाजीनगरहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने लातूरला गेलो. तुम्हाला एक हॉस्पिटल सांभाळायचं असतं. मला सात जिल्हे. महिन्यातले अठरा दिवस लॉजवर. आणि टार्गेट नाही म्हणता? सर्व्हिस इंजिनिअरला आता सीएमसी, म्हणजे देखभालीचं कॉन्ट्रॅक्ट, विकायचंही टार्गेट आहे. सकाळी दुरुस्ती करायची, दुपारी त्याच माणसाला कॉन्ट्रॅक्ट गळ्यात मारायचं.

ओमचा_नियम

एका माणसाने चूक केली म्हणून सगळ्यांना कुलूप? अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१८ मध्ये याच विषयावर अहवाल दिला. बाहेरच्या माणसांनी दुरुस्ती केल्यामुळे लोकांच्या आरोग्याला मोठा धोका आहे की नाही हे ठरवण्याइतका पुरावा उपलब्ध नाही, असं त्यात आहे. कुलूप पेशंटसाठी नाही, तुमच्या सीएमसीसाठी आहे. तुम्हीच वर कबूल केलंत.

कंपनीवाला

अमेरिकेत तो बाहेरचा माणूस प्रशिक्षण घेतलेला असतो. असो. तुमच्याशी वाद घालण्यापेक्षा लॉजवरचा पंखा दुरुस्त करतो.

रुईची_आई

नमस्कार. मुलाला सीईटीत बरे मार्क आहेत. नवी मुंबईत बायोमेडिकल मिळतंय आणि पनवेलकडे ईएनटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. काय घ्यावं? आमच्याकडे कुणी या क्षेत्रात नाही.

सिस्टर_नाइटवाली

बाकी राहू दे. "सिस्टर लोकांना एक फडका मारून द्यायला काय होतं" यावर बोलायचंय.

काय होतं ते सांगते, भाऊ. आमच्या वॉर्डात नाइटला दोन सिस्टर आणि अठ्ठावीस पेशंट. त्यात एकाला ब्लड चालू, दोन पोस्ट-ऑप, एक म्हातारे बाबा दर अर्ध्या तासाने कॅथेटर ओढतायत. अशात पंप बंद पडला की आधी दुसरा पंप शोधायचा, औषध परत सेट करायचं, डॉक्टरांना कळवायचं, चार्टवर लिहायचं. त्यानंतर तुमच्या पंपाला आंघोळ घालायची का?

आणि पुसायचा तर कशाने? मी एकदा स्पिरिटने पुसला. दुसऱ्या दिवशी तुमच्याच खात्यातला माणूस वर आला आणि सगळ्यांसमोर, "कुणी स्पिरिट लावलं? स्क्रीनला तडे गेलेत, बावीस हजार." त्या दिवसापासून मी पंपाला हात लावत नाही. वाळलं तर वाळू दे.

अजून एक. तुम्हाला फोन केला की पहिलं वाक्य काय असतं? "प्लग काढून परत लावून बघा." अकरा वर्षं शिकून हेच?

तळघरवाला

सिस्टर, प्लग काढून लावल्यावर दहातले चार फोन मिटतात, म्हणून विचारतो. रागावू नका.

पण रक्त लागलेला पंप पिशवीत न घालता वॉर्डबॉयच्या हातात देऊन खाली पाठवायचा, हे कुठल्या प्रोटोकॉलमध्ये बसतं? मी तो उघडतो तेव्हा मला माहीत नसतं पेशंटला काय होतं. तुमच्याकडे फाइल असते. माझ्याकडे फक्त पंप असतो.

सिस्टर_नाइटवाली

फाइलवर लिहिलेलं सगळं खरं असतं असं वाटतं का तुम्हाला? रिपोर्ट यायच्या आधी सुई आम्हीच लावतो. तुम्ही हातमोजे घालून रक्त बघता, आमच्या अंगावर उडतं.

आरओचं_पाणी

डायलिसिसवाला आहे, मध्ये पडतो. दोघंही पंपावर भांडताय, एकदा आमच्याकडे या.

मशीनला प्रेशर मोजायची नळी असते, तिच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा फिल्टर. तो ओला झाला की प्रेशर चुकीचं दिसतं, अलार्म वाजतो. नियम असा की फिल्टर बदला, आणि रक्त पलीकडे गेलं असेल तर मशीन बाजूला काढून इंजिनिअरला बोलवा. होतं काय? तीन शिफ्ट, प्रत्येक खुर्चीला पुढचा पेशंट बाहेर बसलेला. कुणीतरी सिरिंजने हवा मारून रक्त मागे ढकलतं आणि चालू करतं. दोन आठवड्यांनी मी मागचं झाकण उघडतो तर आत तपकिरी थर.

एकदा तो साफ करताना डोळ्यात उडालं. चष्मा नव्हता. तेव्हा कळलं की हेपॅटायटिस बी ची लस मला दिलेलीच नाही. टेक्निशियनना दिली, सिस्टरना दिली. मी कंत्राटी, दुसऱ्या एजन्सीच्या कागदावर, म्हणून यादीत नाव नाही. पुढचे सहा महिने दर तपासणीच्या आदल्या रात्री झोप नाही. काही निघालं नाही. मग स्वतःच्या पैशाने तीन डोस घेतले, पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा, आणि टायटर, म्हणजे लस लागू पडली का याची रक्ततपासणी, करून घेतलं. दहाच्या वर आलं तेव्हा बायकोने शिरा केला.

नोकरीला लागताना पगाराच्या आधी लस विचारा. कंत्राटी असाल तर दोनदा विचारा.

ओमचा_नियम

+१. यावर काही बोलायला उरलं नाही. तरी लोक बोलतील.

बर्मिंगहॅमचा_बाळू

इथे एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, क्लिनिकल इंजिनिअरिंगला आहे. पंप असो की बेड, निर्जंतुक केल्याचं लेबल आणि त्यावर सही नसेल तर वर्कशॉप वस्तू आत घेत नाही. कशाने पुसायचं ते त्या त्या मशीनच्या कागदावर लिहिलेलं असतं. भांडणच नाही.

सातपुडा_एक्सप्रेस

आले साहेब. भांडणच नाही म्हणे.

बर्मिंगहॅमचा_बाळू

अहो, आहे तेच सांगितलं. इथेही सुख नाही. पंप वॉर्डावॉर्डांत हरवतात. पीएमच्या, म्हणजे ठरावीक मुदतीच्या तपासणीच्या, यादीत चाळीस पंप असतील तर सव्वीस सापडतात, उरलेले कुठल्यातरी कपाटात लपवलेले. माझा अर्धा दिवस कपाटं उघडण्यात जातो.

सातपुडा_एक्सप्रेस

आमच्याकडे पंप हरवत नाहीत, कारण पंपच नाहीत.

मी सरकारी दवाखान्यांच्या मेंटेनन्सचं काम घेतलेल्या एका खासगी कंपनीत होतो, नंदुरबार जिल्हा. राष्ट्रीय आरोग्य अभियानाची ही योजना २०१५ ची. योजना वाईट नाही हे आधी सांगतो. त्या वेळी देशभरात मोजदाद झाली तेव्हा साडेसात लाखांवर उपकरणं निघाली आणि राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के बंद पडलेली होती. म्हणून ठरलं, जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के, ग्रामीणमध्ये ९० आणि प्राथमिक केंद्रात ८० टक्के वेळ मशीन चालू पाहिजे, नाहीतर कंपनीला दंड.

आता दंड कंपनीला, पण ताप कुणाला? मी आणि एक सेकंडहँड मोटरसायकल. तोरणमाळच्या घाटात पाऊस, पाठीवर सॅकमध्ये मल्टिमीटर, पान्यांचा सेट आणि ऑटोक्लेव्हचं, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या मशीनचं, रबरी गॅस्केट गळ्यात हारासारखं, कारण ते दुमडलं तर गळतं. एका केंद्रात बाळांच्या वॉर्मरची, तापमान मोजणाऱ्या प्रोबची वायर उंदराने कुरतडलेली आणि सिस्टरने त्यावर चिकटपट्टी गुंडाळून काम चालवलेलं. सिस्टरवर ओरडणार होतो. मग त्या म्हणाल्या, "चार फोन केले साहेब, कॉल नंबर दिला, कुणी आलं नाही. काल रात्री दीड किलोचं बाळ झालं, काय करू?" त्या चार कॉलपुढे आमच्या ऑफिसने काय लिहिलं होतं माहितीये? "जागेवर माणूस उपलब्ध नव्हता." कॉल बंद, दंड वाचला, ८० टक्के शाबूत.

प्रोब बदलली आणि आठवड्यात राजीनामा दिला. अठरा हजार हातात, पेट्रोलचे किलोमीटरला साडेतीन रुपये, तेही तीन महिन्यांनी.

अर्धा_कप

"गॅस्केट गळ्यात हारासारखं". धाग्याचा सत्कारमूर्ती बदला रे कुणीतरी.

सिस्टर_नाइटवाली

चिकटपट्टी लावणाऱ्या सिस्टरला विचारा काय वाटलं असेल. काही झालं असतं तर? सातपुडा भाऊ राजीनामा देऊन मोकळे. निलंबन तिचं झालं असतं.

भंडारा विसरलात का? ९ जानेवारी २०२१, नवजात बाळांच्या कक्षात आग, दहा बाळं गेली. शॉर्टसर्किटचं कारण पुढे आलं. कारवाई कुणावर? सिव्हिल सर्जन निलंबित आणि कंत्राटी सिस्टरना कामावरून काढलं, वर गुन्हाही दाखल. तिथल्या सिस्टर बरोबर होत्या की चूक ते कोर्ट बघेल. पण त्या सगळ्या यादीत तुमच्या खात्याचा कुणी वाचल्याचं आठवत नाही मला. तुम्ही स्टिकर लावता ना? मग वकील स्टिकर वाचतो म्हणता तो कधी वाचतो?

ओमचा_नियम

हे अति होतंय. तिथे बायोमेडिकल इंजिनिअर नेमलेला होता का, वायरिंग कुणाचं, तपासणी कुणाची, काही माहीत नसताना आमच्या खात्यावर कशाला? दहा मेलेल्या बाळांचा दाखला देऊन पंप पुसायचा विषय जिंकायचा असेल तर जिंकलात.

सिस्टर_नाइटवाली

जिंकायला कोण आलंय? तुम्हाला टोचलं म्हणून अति वाटतंय. मी बारा वर्षं एनआयसीयूत, नवजात बाळांच्या आयसीयूत, काढलीत. त्या बातमीनंतर चार दिवस प्रत्येक वॉर्मरच्या प्लगला हात लावून बघत होते गरम आहे का. तुमचा फोन लागत नव्हता.

संपादक

वैयक्तिक होऊ नका. पुढचा प्रतिसाद विषयाला धरून.

तळघरवाला

धागा माझा आहे म्हणून मीच बोलतो. सिस्टर, वकिलाने स्टिकर वाचला नाही हे माझं नशीब, तुमचा मुद्दा बरोबर. प्लग गरम आहे का हे तुम्हाला हाताने बघावं लागू नये, ते वर्षातून एकदा अॅनालायझर लावून मी बघायला हवं. आमच्याकडे तो अॅनालायझर भाड्याने आणतात, एनएबीएचच्या, म्हणजे हॉस्पिटलला दर्जाची मान्यता देणाऱ्या संस्थेच्या, तपासणीआधी आठ दिवस. तेवढ्या आठ दिवसांत चारशे मशीन. किती नीट होत असतील ते मी इथे लिहीत नाही.

स्पिरिटचंही मान्य. काय वापरायचं ते आम्ही वॉर्डला कधी लिहून दिलं नाही आणि वर ओरडलो. मशीनच्या पुस्तकात असतं, पण पुस्तक माझ्या कपाटात आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे. उद्या पंपांसाठीचा एक कागद काढून प्रत्येक वॉर्डला चिकटवतो.

पण पुसून द्या. हे मी सोडणार नाही.

सिस्टर_नाइटवाली

कागद मराठीत काढा आणि अक्षर मोठं ठेवा. आणि पंप चार तासांत परत देणार असाल तर पुसून देईन. आठवडाभर तुमच्या टेबलावर पडणार असेल तर तुम्हीच पुसा.

तळघरवाला

पार्ट असेल तर चार तास. नसेल तर परचेसवाल्यांना नाइटला बोलवा.

मोहरी

इतका वेळ वाचतेय. पुरुषांनी आणि सिस्टरनी मिळून धागा वाटून घेतला, बाई इंजिनिअर नसतेच बहुतेक.

फील्डला सात वर्षं. ओटीत शिरले की पहिला प्रश्न, "इंजिनिअर मागून येतायत का?" मी मॉनिटर उघडून बसलेली असते तरी भूलतज्ज्ञ माझ्या मागे उभ्या असलेल्या ड्रायव्हरला विचारतात की किती वेळ लागेल. ड्रायव्हर आता "अर्धा तास" सांगायला शिकलाय.

प्रेग्नंट असताना कॅथलॅबचे, म्हणजे एक्स-रेखाली हृदयाची प्रोसिजर करतात तिथले, कॉल नको म्हणून लिहून दिलं. ऑफिसमध्ये बसवलं आणि वर्षअखेरीला रेटिंग कमी, कारण कॉलची संख्या कमी. कायद्याने कुणी काही चुकीचं केलं नाही, हे विशेष.

टीएलडीबद्दल: तळघरवाले, लेखी मागा, तोंडी नको. एईआरबीच्या, म्हणजे देशातल्या रेडिएशन सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, हिशोबात कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, अशी मर्यादा आहे. बॅजच नसेल तर तुम्ही कुठे आहात हे कळणार कसं? माझा बॅज आधीच्या नोकरीत सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये होता, "हरवू नये म्हणून". दर तीन महिन्यांनी त्या ड्रॉवरचा डोस शून्य यायचा.

अर्धा_कप

ड्रॉवरची तब्येत उत्तम आहे म्हणायची.

नाना_निवृत्त

सगळं वाचलं. दोन गोष्टी.

चहा पिण्याचं वाक्य गमतीत होतं. आरओच्या पाण्याचा प्रतिसाद वाचल्यावर गंमत राहिली नाही, तेवढा भाग मागे घेतो. आमच्या वेळी रक्ताची भीती नव्हती कारण माहितीच नव्हती. माझ्या खात्यातल्या एका सहकाऱ्याला कावीळ झाली होती, आम्ही बाहेरच्या उसाच्या रसाला दोष दिला. आता वाटतं, रस बिचारा निर्दोष असेल.

पण हल्लीची पोरं रडतात हे मागे घेणार नाही. आमच्या वेळी लाल टॅग लावला तर डीन स्वतः विचारायला यायचे आणि आम्ही त्यांच्याशी भांडायचो. तुमचा टॅग कचऱ्यात गेला तेव्हा तुम्ही काय केलंत? दुसरा लावलात का?

तळघरवाला

दुसरा लावला. तोही गेला. तिसऱ्या वेळी मशीनच उचलून तळघरात आणलं आणि कुलूप लावलं. मेमो मिळाला. मेमो फ्रेम करून खोलीत लावलाय, ड्रेनेजच्या पाइपखाली.

तुमच्याकडे डीन विचारायला यायचे, नाना. माझ्याकडे परचेस हेडचा मेल येतो, "कृपया मशीन तातडीने परत करावे", आणि सीसीत सगळे. फरक एवढाच आहे.

नाना_निवृत्त

मेमोचा फोटो टाका. नाव झाकून. हसरा चेहरा काढला आहे, परवाच्या पोस्टवर जाऊन बघा.

रुईची_आई

माझ्या प्रश्नाला कुणीच उत्तर दिलं नाही. एवढं वाचून मुलाला दाखवलं. तो म्हणतो ईएनटीसी घेतो, विषय मिटला. सगळ्यांचे आभार.

तळघरवाला

ताई, मीही ईएनटीसीच केलं होतं.

ओमचा_नियम

मीही.

आरओचं_पाणी

इन्स्ट्रुमेंटेशन. पण लस घ्या म्हणावं आत्ताच.